चिंधीची जागा

मावशी घरीच शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. लेक सासरी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा त्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्री घेऊन आल्या. तपकिरी, एक कान पडलेला, डोळ्यांत अजून धास्ती.

तिनं आल्या आल्या चिंध्यांवर बसून कार्यक्रम उरकला.

मावशी तिला बाहेर नेऊन झाडाखाली उभ्या राहत, मिनतवाऱ्या करत. ती शेपटी हलवून नुसती बघत राही आणि घरात शिरली की तडक टेबलाखाली. एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर थोडक्यात वाचलं.

"परत सोडून ये," यजमान म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करत आणि मोजकंच बोलत. चिंधी हे नाव मात्र त्यांनीच वैतागून ठेवलं होतं.

मावशींनी निवाऱ्यातल्या बाईंना फोन केला.

"रागावू नका हो तिला," त्या म्हणाल्या. "इथे पिंजऱ्यात आम्ही जुन्या चादरी अंथरायचो. कापड दिसलं की तिथंच बसायचं, एवढंच तिला ठाऊक."

फोन ठेवला तरी मावशींना हसू आवरेना. त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, ती शिकलेलीच आहे. आपणच तिच्या संडासात राहतोय."

त्यांनी ढीग पोत्यात भरून माळ्यावर टाकला आणि तिनं खराब केलेलं एक फडकं न धुताच झाडाखाली अंथरलं. चिंधीनं वास घेतला, गोल गोल फिरली आणि बसली. मावशींनी तिला मिठीच मारली, बिस्किट भरवलं.

मग त्या रोज फडक्याची एक पट्टी कापू लागल्या.

"काय मावशी, आता झाडाचे कपडे शिवताय का?" शेजारीण हसून विचारायची.

"हो ना, उतरत्या मापाचे."

फडकं रुमालाएवढं झालं असताना एक गिऱ्हाईक बाई आल्या आणि पडद्याचं नवंकोरं कापड त्यांनी खुशाल जमिनीवर पसरलं. चिंधी उठली. कापडाजवळ जाऊन तिनं वास घेतला. मावशींच्या हातातली कात्री तशीच राहिली. यजमानांनीही डोळ्याचं भिंग काढलं.

चिंधी वळली, दाराशी गेली आणि कुंईकुंई करू लागली.

यजमान अनवाणीच धावले. रुमालाएवढं ते फडकं सोबत न्यायचं भानही राहिलं नाही. थोड्या वेळानं खिडकीतून आवाज आला, "शहाणी गं माझी बाय ती. किती गुणाची ती." एवढ्या वर्षांच्या संसारात हा सूर मावशींनी कधी ऐकला नव्हता.

ते धापा टाकत आत आले. "केलं तिनं. नुसत्या मातीवर."

"कळलं," मावशी म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीला कळलं."

गिऱ्हाईक बाई पोट धरून हसत होत्या. यजमान कानापर्यंत लाल झाले, पण बिस्किटाचा डबा त्यांनीच उघडला.