डब्यातल्या चार बाहुल्या

माझी थोरली बहीण बाहुल्यांशी कधी खेळली नाही. आम्ही बाकीच्या पोरी चिंध्यांच्या बाहुल्या मांडीवर घेऊन जोजवायचो, त्यांची लग्नं लावायचो, मग रुसून त्या एकमेकींच्या अंगावर फेकायचो. ताई बाजूला बसून बघायची. तिला बाहुली हवी होती ती ठेवायला. हे वेड तिला कुठून लागलं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी तिच्या सोबत होते.

अमरावतीच्या कडेला आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीजवळ शेवंतीचे वाफे. कॅम्पातल्या एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बाबा आठवड्यातून दोनदा फुलं पोचवत. एकदा त्यांनी आम्हा दोघींना सोबत नेलं. ताई दहा वर्षांची होती, मी सहाची. मडमेनं आम्हाला व्हरांड्यातून आत बोलावलं. आत काचेचं कपाट होतं आणि त्यात बाहुल्या उभ्या होत्या. चिनी मातीचे चेहरे, खरे वाटावेत असे केस, पायात बूट. मी कपाटाला नाक लावलं तशी मडम हसली आणि तिनं नोकराला काच पुसायला लावली. ताई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. बाबांनी हाक मारेपर्यंत ती जागची हलली नाही.

परत येताना ती म्हणाली, "माह्याकडे बी अशाच राहतीन. पण कोणाले हात लावू देणार नाई मी."

दोन वर्षांनी एका हंगामात मिरची चांगली निघाली. बाबा बियाणं आणायला अकोल्याला गेले आणि येताना एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आले. अकोल्याच्या बाजारात एका बोहऱ्याचं दुकान होतं, तिथं मुंबईहून विलायती माल यायचा. डब्यात पातळ कागदात गुंडाळलेली जर्मनीची बाहुली होती. आडवी केली की डोळे मिटायची. माय बाबांवर चिडली. ताईनं कागद एकेक पदर करून उघडला, बाहुलीकडे बघितलं, आणि कागद होता तसा पुन्हा गुंडाळून डबा लावून टाकला. पुढे लग्न होईपर्यंत रोज ती हेच करत राहिली. मला फक्त बघायची परवानगी होती.

चौदाव्या वर्षी ताईचं लग्न झालं. सासर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका बोळात. त्यांचा फुलांचा धंदा होता. सकाळी हार गुंफायचे आणि देवळांपुढे, बाजारात नेऊन विकायचे. ताईच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली तो डबा गेला. सासू हसली म्हणे, "पोरगी आपलं लेकरू आधीच घेऊन आली काय वं?" हे ताईनंच मला पहिल्या दिवाळीला हसत सांगितलं होतं. तेव्हा ते हसण्यासारखं होतं.

ताईचा हात हार गुंफण्यात फार चालायचा. सणासुदीला वेण्यांचे सुटे पैसे सासू तिलाच ठेवू द्यायची. त्यातून ती दर दोन वर्षांनी एक बाहुली घ्यायची. दुकान तेच. म्हातारा बोहरी तिला बेटी म्हणायचा आणि नवा माल आला की निरोप धाडायचा. एकदा मी सोबत गेले होते. त्यानं एकाच जातीच्या सहा बाहुल्या फळीवर मांडल्या. मला त्या सहाही सारख्या दिसत होत्या. ताई एकेकीसमोर वाकून बघत होती.

"हिची भिवई पाय. रंगवता रंगवता हात हालला हाये कोणाचा तरी. ही थोडी भेदरल्यासारखी दिसते. आन् ही पाय, हिले काई तरी सांगाचं हाये."

तिनं काही तरी सांगायचं असलेली घेतली. घरी जाताना मी विचारलं की एवढं काय बघत होतीस. तिनं सांगितलं, नवीन घेण्यात हेच तर असतं. सगळ्या समोर असतात आणि आपण आपली निवडायची. जुनी घेतली तर कोणी तरी निवडून टाकून दिलेली आपल्या वाट्याला येते.

अशा चार झाल्या. मागच्या खोलीत एका फळीवर चार डबे ओळीनं. दुपारी सासू आडवी झाली की ताई एक डबा उघडायची आणि बंद करायची.

सहा वर्षं झाली तरी तिला मूल झालं नाही. भावजींनी दुसरं लग्न केलं. त्या काळी आमच्यात ते कोणाला विचारावं लागत नसे. बाबा अकोल्याला जाऊन तासभर बसले आणि चहा पिऊन परत आले. नवी बायको मूर्तिजापूरकडची, सतरा-अठरा वर्षांची. तिचं सामान पुढच्या खोलीत लागलं आणि ताईचं मागच्या ओसरीवर आलं. चार डबे तिनं ट्रंकेवर रचले. पुढच्या वर्षी सवतीला मुलगी झाली. पोरीला आंघोळ घालायचं काम ताईकडे आलं.

मग लढाई लागली. जर्मनीचा माल बंद झाला. पुढे जपानचाही. ताई दुकानात गेली की म्हातारा हात हलवायचा.

"अब नया नहीं आएगा, बेटी. एक पुरानी पड़ी है, एक साहब के घर की. देखनी है?"

तिनं बघितली सुद्धा नाही. मला म्हणाली, "दुसऱ्याच्या घरची हाये थे. तिले त्या घराचा लळा लागला असन. माह्याजवळ येऊन काय करन?"

मला ती कीव करण्यासारखी वाटली आणि रागही आला. वय झालं तेवीस-चोवीस आणि बाहुल्यांचं बोलते. पण तिच्याजवळ दुसरं काय होतं, तेही मला कळत होतं.

त्याच सुमारास कॅम्पातला तो साहेब बदलून विलायतेला निघाला. बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हरांड्यातच झाला. बाबांना झाऱ्या आणि कुंड्या हव्या होत्या. मी हट्टानं सोबत गेले. काचेचं कपाट रिकामं होतं, त्यातल्या बाहुल्या मडमेनं बांधून घेतल्या होत्या. विकायला ठेवल्या होत्या त्या तिच्या मुलीच्या, खेळून झालेल्या. फक्त एक डब्यातली, न उघडलेली होती. तिच्यावरून दोन वकिलांच्या बायका इतक्या हट्टाला पेटल्या की लोक उठून बघायला लागले. नवीन माल कुठं मिळतच नव्हता ना. बाकीच्या कोणी विचारल्या नाहीत. त्यांतली एक मला बरी वाटली. चेहऱ्यावर ओरखडा नव्हता, केस दाट होते. बाबांनी कुंड्यांसोबत तीही मागून घेतली.

"ताईले सांगू नोका जुनी हाये म्हून," मी बाबांना म्हणाले.

मायनं रिठ्याच्या पाण्यात तिचा झगा धुतला. बुटाचा एक रिकामा डबा मिळाला. पतंगाचा पांढरा कागद आणून मी ती गुंडाळली. आम्हाला तिघांनाही वाटत होतं की आपण काही चांगलं करतोय. बडनेऱ्याहून गाडी धरली तेव्हा डबा मी मांडीवर घेतला होता, आणि अकोला येईस्तोवर तो खाली ठेवला नाही.

ताईनं डबा हातात घेतला. कागद उघडला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्यांदा ते खरंच उजळलं. मग तिनं बाहुली फिरवली, केस बाजूला केले, हात बघितले. डाव्या तळहाताचा गुलाबी रंग उडून आत पांढरं दिसत होतं. उजवा तळहात जसाच्या तसा होता.

"ह्या हाताले धरून हिंडवलं हिले कोणी तरी," ती म्हणाली. "लय दिवस."

"नवीनच हाये. दुकानात घासली असन."

"तू माह्याशी खोटं बोलून राहिली."

"काहून बोलीन खोटं?"

"मले दया नोको तुही. ह्या घरात मले उरलंसुरलंच भेटते, आता मायेरातून बी थेच आणता काय तुमी?"

मी इतका प्रवास करून आले होते. मला ते फार लागलं. माझा आवाज चढला. मी म्हणाले, नवीन आता कुठूनही मिळत नाही, तुला कळत कसं नाही? अमरावतीला एका डब्यातल्या बाहुलीसाठी वकिलांच्या बायका भांडल्या. तुझ्याजवळच्या या चार जर बाजारात नेल्या तर मागशील ते देतील लोक. आणि तू घरात सोनं दाबून बसलीस अन् मला बोलतेस!

ओसरीच्या पलीकडे भावजी टोपल्या बांधत बसले होते. त्यांचे हात थांबले. मी ते बघितलं. मान वर करून ते ट्रंकेकडे बघत होते, तेही मी बघितलं. आणि तरी मी बोलायची थांबले नाही.

त्याच दिवशी मी परत निघाले. बाहुली तिथंच राहिली. ताई मला दारापर्यंत पोचवायला आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी चांदूरला गेले. लग्नाला ताई एका दिवसासाठी आली. पाहुण्यांच्या गर्दीत आमचं बोलणं झालं नाही. तिनं माझ्या केसांत वेणी माळली तेव्हा तिची बोटं गार होती. बाहुल्यांचं मी विचारलं नाही, माफी मागायला मला लाज वाटत होती.

त्यांचं काय झालं ते मला कळलं सात-आठ महिन्यांनी, अकोल्याला गेले तेव्हा. ट्रंकेवर काही नव्हतं. सवतीची पोरगी ओसरीत बसली होती आणि मी आणलेली ती बाहुली तिच्या मांडीवर होती. अर्धे केस उपटलेले.

"बाकीच्या?" मी विचारलं.

ताई हार गुंफत होती. सुई तिनं थांबवली नाही. "इकल्या त्यायनं. जिनिंगवाल्या एका शेठच्या घरी. मी देवळापुढं हार घेऊन बसली होती, तवा नेल्या. डबे चांगले होते म्हणे, एकाले बी डाग नव्हता. म्हून लवकर गेल्या."

"आन् ही?"

"हिले कोणी घेतलं नाई. राहिली मंग पोरीपाशी."

मला वाटलं ती मला काही तरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मीच म्हणाले, "ताई, माह्या तोंडून निंगालं थे. भावजीनं माह्यापासून आयकलं."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. "तू नसतं सांगतलं तं आनखी कोणी सांगतलं असतं." हे ती रागानं म्हणाली नाही. एखाद्या परक्या बाईला वाट सांगावी तसं म्हणाली.

मी तिला अमरावतीला चल म्हणाले. बाबांनीही तसा निरोप दिला होता. तिनं सुईत दोरा ओवला. "तिथं येऊन काय करू? चार दिवस पावणी म्हून राहीन. पाचव्या दिवशी मायले बी प्रश्न पडन हिचं काय करावं." तिचं खरं होतं. आमच्या घरी भाऊ मोठा झाला होता, त्याची बायको आली होती, खोल्या दोनच होत्या.

लढाई संपल्यावर माल पुन्हा यायला लागला. मी तेव्हा माझ्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन अकोल्याला गेले होते. म्हातारा बोहरी वारला होता, दुकानात त्याचा मुलगा बसायचा. त्यानं ओळख ठेवून बोळात निरोप पाठवला होता. मी ताईला जवळजवळ ओढतच नेलं. माझ्याजवळ पैसे होते, मी ते कधीपासून याच कामासाठी बाजूला टाकत होते. दुकानाच्या पायरीशी ती थांबली.

"तू जाय. मी इथंच उभी राह्यते."

"ताई, एक डाव पाय तं. नव्या हायेत. डब्यातल्या."

"पोरीसाठी घे तू."

ती वर चढली नाही. रस्त्यावरून एक बैलबंडी कापूस घेऊन चालली होती, तिला वाट द्यायला ती भिंतीशी सरकली आणि तिथंच उभी राहिली. दुकानदारानं माझ्यासमोर चार-पाच डबे उघडले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी वळून ताईकडे बघितलं, ती पदरानं मान पुसत होती. मी जवळची एक उचलली आणि बाहेर आले.

गाडीत बसल्याबरोबर माझ्या मुलीनं डबा फाडला. मूर्तिजापूर येईपर्यंत बाहुलीचा एक बूट हरवला होता. मी तिला रागावले, आणि ती रडायला लागली तेव्हा मलाही रडू आलं. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, लेकरू आहे, बुटासाठी एवढं काय.

ताई त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगली, त्याच ओसरीवर. सासू गेली, मग भावजी गेले. सवतीच्या पोरीचं लग्न झालं, त्यात ताईनं सगळे हार एकटीनं गुंफले. मी वर्षातून एकदा जायचे. ती माझ्या मुलांची चौकशी करायची, मी तिच्या गुडघ्यांची. ती चहा करायची. मग आम्ही दोघी ओसरीच्या कडेला बसून माझ्या परतीच्या गाडीची वेळ होण्याची वाट बघत राहायचो.