विनूमामा नावाचे कोणी नव्हते

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा नेमकं एवढंच गाळून बाकीचं बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक एवढ्यासाठीच.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास मी एक ब्लॉग लिहीत होते. ‘उजवीकडून डावीकडे’ हे त्याचं नाव. विषय जपानी चित्रकथा, तिकडची कार्टून, तिकडच्या कथा-कादंबऱ्या. पोलादपूरच्या शाळेत इतिहास शिकवणारी, महाडहून रोज एसटीनं जाणारी-येणारी बाई, हिला जपान कुठून सुचला, असं कोणीही विचारलं असतं. म्हणून टोपणनाव घेतलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की महाडला स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसायचं आणि इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवायचं. कथा मी इंग्रजीतून वाचायचे, पण चित्रकथा थेट जपानीतल्या. पावसाचा आवाज ते अक्षरांनीच कसा काढतात, अगदी शांततेलाही त्यांच्याकडे आवाजासारखा एक शब्द कसा आहे — असलं काही लिहिलं की ढीगभर प्रतिक्रिया यायच्या. वर्गातली पोरं ऐकत नाहीत आणि इथे अमेरिकेतली कोणी बाई ‘पुढचं कधी?’ म्हणून मागे लागते — मी फुगणार नाही तर काय?

पण खरं सांगू? लोक यायचे ते विनूमामांसाठी.

पहिल्याच लेखात मी लिहिलं होतं की माझे मामा बोटीवर खलाशी होते, त्यांनी जपानहून ट्रंकभर चित्रकथा आणल्या आणि त्यांनीच मला त्या वाचायला शिकवलं. यातलं सगळं खरं होतं. फक्त ते माझे मामा नव्हते, आणि विनूही नव्हते. ते हसनचाचा — माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे, नसीमचे वडील. नसीम लग्न होऊन मस्कतला गेली आणि चाचा घरात एकटे उरले. मी जाता-येता डोकावायचे. घर बाजारात, पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं म्हणून चित्रकथांची ती ट्रंक बारा महिने माळ्यावर असायची. एकदा त्यांनी ती खाली उतरवली, मी वरचं पुस्तक उचललं, आणि चाचा खो-खो हसले. “गो, उलटं धरलंस! इकडून उघड.” त्यांना ते सोपं होतं, लहानपणापासून उर्दू उजवीकडून वाचलेली. मुलांच्या चित्रकथांत अवघड अक्षराच्या कडेला सोप्या अक्षरांत उच्चार छापलेला असतो, तेवढ्यावर ते बोट ठेवत वाचायचे आणि अर्थ सांगायचे.

मग हसनचे विनू का केले? मला कोणी सांगितलं होतं का? धमकी दिली होती का? नाही. मीच ठरवलं. मामा म्हटलं की वाचक जवळ येतात, हसन म्हटलं की थोडे लांब बसतात — असं मला वाटलं. आणि लांब बसणाऱ्यांत मीही होते, हे तेव्हा कबूल केलं नाही. एका वाचकानं विचारलंसुद्धा — मामांना उजवीकडून वाचायची सवय इतक्या लवकर कशी लागली? मी लिहून मोकळी झाले — मामा डावखुरे होते. त्यावर कौतुकाच्या सहा प्रतिक्रिया आल्या.

इथवर असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण पुढे आहे.

एका चित्रकथेत हॉस्पिटल होतं. ते पान आलं आणि चाचा थांबले. मग म्हणाले, मी असाच पडलो होतो — जपानात, कोबेला, सात महिने. जहाजाच्या तळात शिडीवरून कोसळले, मांडीचं हाड मोडलं, कंबर गेली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं त्यांना ती अक्षरं शिकवली. आणि घरी? घरी त्यांनी पत्र पाठवलं — काम वाढलंय, यायला उशीर होईल. बायकोला काळजी नको म्हणून. त्याच सात महिन्यांत इकडे नसीमची आई काविळीनं गेली. नसीम नऊ वर्षांची होती. चाचा काठी टेकत परत आले तोवर नातेवाइकांनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं, की बाप तिकडेच रमला.

नसीमनं मला कॉलेजात हे सांगितलं होतं. “आई मरत होती, अब्बांना काम होतं.” मस्कतहून तिचे फोन यायचे ते तब्येत विचारण्यापुरते.

मी म्हटलं, चाचा, तिला सांगा ना. ते बराच वेळ पुस्तकाची पानं सारखी करत राहिले. “आता सांगितलं तर सबब वाटंल गो. तूच सांग तिला कधीतरी. माझ्यानं नाय होनार.”

मी हो म्हटलं. आणि पुढच्या शनिवारी जाऊन ते सगळं विनूमामांच्या नावावर लिहून टाकलं. हॉस्पिटल, म्हातारा, खोटं पत्र, इकडे वारलेली मामी. इतकं छान मी कधीच लिहिलं नव्हतं — हे सांगतानाही लाज वाटते, पण छानच झालं होतं. त्याची छापील प्रत घेऊन चाचांकडे गेले. उर्दू शाळेत शिकलेल्या चाचांना मराठी वाचता यायचं नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. जिथे जिथे ‘विनूमामा’ होतं तिथे तिथे, न अडखळता, ‘हसनचाचा’ वाचत गेले. चाचांनी डोळे पुसले. “नसीम वाचंल का गो हे?” मी म्हटलं, वाचेल की.

आणि तिनं वाचलं.

दोन-तीन आठवड्यांनी प्रतिक्रिया आली. माझ्या ब्लॉगवर प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायच्या, मी मंजूर केल्या तरच दिसायच्या. रोमन लिपीतलं मराठी, खाली नाव — नसीम, मस्कत. लिहिणारी मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं लिहिलं होतं की कोणीतरी मेलवर पाठवला म्हणून हा लेख वाचला; आमचे अब्बाही बोटीवर होते, तेही त्याच सुमारास जपानला अडकले होते, तेही लंगडत परत आले. आम्हाला ते कधी काही बोलले नाहीत. तुमच्या मामांना एकदा विचाराल का — तिथे त्यांच्यासोबत महाडचे हसन म्हणून कोणी होते का?

मी ते किती वेळा वाचलं असेल? चाचा त्या कॅफेपासून चालत दहा मिनिटांवर होते. एक ओळ पुरली असती. पण ती ओळ लिहायची म्हणजे विनूमामा नव्हते हे लिहायचं — तिला, आणि मग सगळ्यांना. समोर दोन बटणं होती. मी ती प्रतिक्रिया काढून टाकली. मग शेजारच्या टपरीवर चहा प्यायले आणि घरी गेले. चाचांचं घर वाटेत होतं, मी मागच्या गल्लीनं गेले.

तिनं पुन्हा लिहिलं नाही. चाचा पुढे दीड वर्ष होते. भेटले की विचारायचे, नसीमनं वाचलं का? मी म्हणायचे, तिला वेळ नसतो चाचा. पुढे पुढे त्यांनी विचारायचं सोडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

ते गेले तेव्हा नसीम चौथ्या दिवशी पोचली. दोघी ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, “तुझ्याशी बोलायचे गो ते. माझ्याशी कधी काय बोललेच नाय. काय सांगायचे तुला?”

इतकं सरळ विचारलं तिनं. आणखी कसं विचारतात?

मी म्हटलं, काही नाही गं, जपानच्या गमतीजमती.

ती परत गेल्यावर मी ब्लॉग बंद केला. कोणी विचारलं तर सांगायचे, शाळेचा व्याप वाढला. आता नसीम कायमची महाडला आली आहे. दर ईदला मला शिरखुर्म्याला बोलावते, मी जाते, दोन वाट्या खाते. तिच्या घरात आईचा फोटो आहे. अब्बांचा नाही.

हे तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.