सायकल दुकानावरूनच जाईल

आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. घरातली निम्मी कामं पाण्याच्या दिवसाभोवती फिरतात आणि पिण्याचं पाणी वीस लिटरच्या जारमधून आणावं लागतं. भरलेला जार एकवीस किलो भरतो. तो स्कूटरवर पायाशी उभा ठेवायचा, पाय दोन्ही बाजूंना बाहेर काढायचे, जारच्या पुढे मुलगा उभा, मागे मुलगी, आणि निघायचं. आमच्या पेठेतल्या सगळ्या बायका असंच करतात. मीही बरीच वर्षं केलं. गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी खणलेल्या चरापाशी कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, जार पायावर सरकला आणि टेकायचा तो पाय टेकलाच नाही. वेग माणसाच्या चालण्याएवढाच होता. माझं डावं मनगट मोडलं. मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले.

त्यानंतर घरातले सगळे मदतीला धावले. मुलांना रिक्षा लागली. जार घरपोच यायला लागला. मी चार दुकानदारांचे हिशेब लिहिते. त्यांच्या बिलांच्या पिशव्या मी स्वतः फिरून आणायचे, त्या आता मिस्टर संध्याकाळी दुकान बंद करून येताना आणू लागले. त्यांचं कापडाचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे. त्यांचा जेवणाचा डबा पूर्वी मी पोचवायचे, तो न्यायला दुकानातला माणूस येऊ लागला. मनगट दीड महिन्यात बरं झालं. मदत काही थांबली नाही. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की देवळात जायचं तरी कोणाला तरी विचारावं लागे, "सोडता का?"

सगळं घरपोच येत होतं आणि मी घरात बसले होते.

मला स्कूटरची भीती बसलीय असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. भीती बसली नव्हती. एक साधी गोष्ट कळली होती: दोन मुलं आणि एक जार वाहायला ती गाडी केलेलीच नाही. कार आमच्या बोळात शिरत नाही, बोळ साडेतीन फुटांचा आहे. मग सायकल का नको, असं मनात आलं. शाळेत असताना मी होटगी गावापर्यंत सायकल मारलेली होती. आता बाजारात ओझं वाहायच्या सायकली मिळतात, त्यांना छोटी मोटर असते. पायडल मारलं की मोटर जोर लावते, पायडल थांबलं की तीही थांबते. वेग पंचवीसच्या आत, म्हणून लायसन लागत नाही. पुण्यात एका दुकानात अशा तीन प्रकारच्या सायकली बघायला मिळतात एवढं कळलं.

मिस्टर म्हणाले, "फोनवर फोटो बघ की. त्यासाठी पुण्याला कशाला?"

"फोटोत वजन दिसत नाही."

मी दोन्ही मुलांना घेऊन सकाळच्या गाडीने गेले. रिकामा जारही बरोबर नेला. गाडीत एका बाईंनी विचारलं, पुण्यातपण पाणी नाही का हो? मी म्हटलं, आहे, पण जार मोजायला न्यायचाय.

दुकानदार तरुण, बोलायला चांगला. त्याने मोटर दाखवली, पुढची स्क्रीन दाखवली, दिवे लावून दाखवले. मी जार त्याच्या पाण्याच्या टाकीवर भरून आणला.

"मॅडम, टेस्ट राइडला कोणी असा जार आणत नाही."

"मग ते लोक सायकलवर काय नेतात?"

"बहुतेक करून... एकटेच फिरतात."

पहिली सायकल पुढे मोठी पेटी असलेली. मुलं पेटीत उड्या मारून बसली आणि उतरायला तयार होईनात. पण ती सव्वाआठ फूट लांब. आमच्या बोळाला मध्ये काटकोनाचं वळण आहे. निघायच्या आधी मी तिथे लाकडी फळ्या ठेवून बघितलं होतं, सात फुटांवरचं काही वळत नाही. दुसरी तीन चाकांची. उभी असली की पक्की, पण आमचे रस्ते कडेला उतरते असतात, आणि त्या उतारावर ती एका अंगाला कलते. शिवाय तीन फूट रुंद. बोळातून नेताना हाताची सालं निघाली असती.

तिसरी सव्वासहा फुटांची, चाकं लहान, मागे लांब कॅरिअर, त्यावर गादी आणि मुलांना धरायला कडं. पुढच्या कॅरिअरवर जार बसत होता. हँडल वळलं तरी ते कॅरिअर वळत नव्हतं, कारण ते सांगाड्याला जोडलेलं होतं. हे मला फार आवडलं. मी तिला स्टँडवर लावली आणि मुलांना म्हटलं, दोघं एकाच बाजूने चढा. चढली. हलली नाही. "आता भांडा," म्हटलं. ते त्यांना सांगावं लागत नाही. तरी हलली नाही.

दुकानदार परत मोटरीकडे वळला. मी म्हटलं, मोटर नंतर बघू, मी पडले ती वेग कमी असताना पडले, मला ही उभी कशी राहते ते बघायचंय. मग चढ कुठे आहे ते विचारलं. त्याने जवळचा उड्डाणपूल दाखवला. मी एकसष्ट किलो, मुलगी तेहतीस, मुलगा एकोणीस, पुढे जार. पुलाच्या मध्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू दमली नाहीस?" दमले होते. पण गप्पा मारण्याएवढा श्वास शिल्लक होता.

एक अडचण राहिली. पुढच्या कॅरिअरवर वीस किलोंची मर्यादा छापलेली आणि भरलेला जार एकवीसचा. दुकानदार म्हणाला, एका किलोने काय होतंय? मी म्हटलं, छापणाऱ्याने काही विचार करूनच छापलं असेल. तेव्हापासून मी जार चार बोटं कमी भरून घेते. पाण्याच्या प्लांटवरचा माणूस अजून हसतो. हसू दे.

किंमत एका बऱ्या स्कूटरएवढी होती आणि ती मी माझ्या हिशेबांच्या कमाईतून देणार होते. तेव्हा पैशावरून घरात वाद झालाच नाही. वाद निघाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून.

आमच्याकडे सासूला अत्ती म्हणतात; घरात मराठी-कानडी दोन्ही चालतं. अत्तींनी फोटो बघितला आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. "ब्याड ब्याड, नको. अय्यो शिवने, हे काय? तुझे सासरे वीस वर्षं सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून बाजार करायचे. मंगळवेढ्याच्या बाजारात लोकं त्यांना 'ए कापडवाल्या' म्हणून हाक मारायची. सायकलवरनं उतरलो तेव्हा या पेठेत आम्हाला शेठ म्हणाले. आणि तू परत चढलालीस?"

"अत्ती, गठ्ठे वाहिले म्हणूनच दुकान झालं ना?"

"म्हणूनच सांगते. एकदा झालं ते पुरे."

मिस्टरांनी माझ्या हातातला मोबाइल घेऊन फोटो बघितला. नंतर म्हणाले, "आणायची तर आण. पण एक ऐक. दुकानावरनं जाऊ नको. मागच्या बोळातनं जात जा."

"का?"

"का म्हणजे? गिऱ्हाईक बसलेलं असतं. दुकानदाराची बायको जार लादून चाललीय, ते बघून काय वाटंल?"

मला राग आला, पण आधी मी अंतर मोजलं. दुकानावरून शाळा एक किलोमीटर चारशे मीटर. मागच्या बोळातून दोन किलोमीटर तीनशे. एका खेपेला नऊशे मीटर जास्त, दिवसाला चार खेपा. माझं रोजचं सायकल चालवणं दहा किलोमीटर धरलं, तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ. तीन दिवसांनी करायचं चार्जिंग दोन दिवसांवर येणार. मी त्यांना हे सांगितलं आणि म्हटलं, "माझ्या बॅटरीचा एवढा भाग तुमच्या अब्रूला द्यायचा? नाही देणार. सायकल दुकानावरूनच जाईल."

"तू सगळ्याचाच हिशेब करतीस."

"तुम्ही अब्रूचा विषय काढलात, म्हणून मी मीटर काढले."

खरी गोष्ट मीटरची नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. मागच्या बोळातून जायचं कबूल केलं असतं, तर मी बाहेर पडले असते, पण लपून. त्यापेक्षा रिक्षा काय वाईट होती?

सायकल आली. पहिल्याच आठवड्यात एका गॅलरीतून हाक आली, "ओ जारवाल्या बाई! दोन जार वर द्या, तिसरा मजला!" मी वर बघून म्हटलं, "वहिनी, हा माझ्या घरचा आहे. प्लांट त्या कोपऱ्यावर, रिकामा घेऊन या, मी दाखवते." बाई आत पळाल्या. मुलगी मागून म्हणाली, "आई, जरा हळू बोल की." असं नंतर तीन-चारदा झालं. ओझं असलेली सायकल दिसली की माणसाला विक्रेताच दिसतो, त्याला कोण काय करणार? बिलांच्या पिशव्या मी पुन्हा स्वतः आणू लागले. एका दुकानदाराने विचारलं, "शेठनी गाडी काढून घेतली का?" मी म्हटलं, "नाही, मी घेतली."

आणि रोज चार वेळा दुकानावरून जायचे. मिस्टर गादीवर बसलेले असत. माझी घंटी ऐकली की ते मान खाली घालून बिलबुकात बघत. एकदाही वर बघितलं नाही. घरी आम्ही नेहमीसारखे बोलत होतो, त्या रस्त्याचा विषय सोडून.

एप्रिलच्या एका शनिवारी दुकानातला माणूस गावी लग्नाला गेला होता. लग्नसराईचे दिवस, दुकानात बस्त्याची गर्दी. साडेबाराला मिस्टरांचा फोन आला. "डबा आण. मागच्या दाराला ठेव, मी घेतो."

मी फोन ठेवला. शाळा शनिवारी लवकर सुटते. मुलांना घेतलं, प्लांटवर जार घेतला, डबा हँडलला अडकवला आणि दुकानाच्या पुढच्या पायऱ्यांशी स्टँड लावला. घंटी वाजवली.

आत मंगळवेढ्याकडची मंडळी बस्ता बांधायला आली होती. पंधरा तरी माणसं असतील. साड्यांचा ढीग पडलेला. मिस्टरांनी मान खाली घातली. मी घंटी वाजवत राहिले. त्यांनी वर बघितलं नसतं, तर डबा पायरीवर ठेवून मला निघून जावं लागलं असतं, आणि मग त्या रस्त्याने रोज जाऊन काय जिंकले असते मी?

आधी बाहेर आली ती बस्त्यातली एक म्हातारी. तिच्या मागून दोन सुना.

"आगं बया, ही कसली वो सायकल? लेकरं मागं, पानी म्होरं!"

"बॅटरीची आहे आजी. पायडल मारायचं, मोटर मदत करते."

"चढाला चालती का?"

"पुलावरून चालवून बघितली."

"लई बेस हाय की." मग सुनेकडे वळून, "बग, न्हायतर तुमी. एक घागर आनायला नवरा लागतो."

सून म्हणाली, "घ्या की मग आम्हाला बी. बस्त्यात घाला."

"घालतो की! नवरीला साडी कमी आन् सायकल जास्ती!" सगळ्या हसल्या. म्हातारीने जारवर थाप मारली, मुलाला खाली उतर म्हणाली, आणि गादी दाबून बघितली. मग उंबऱ्यातूनच आत ओरडली, "ओ शेठ! ही जारवाली तुमचं नाव घेऊन घंटी वाजवतीया. कोन हाय वो ही?"

मी नाव घेतलं नव्हतं. तरी मी आणखी एकदा घंटी वाजवली.

आत सगळे मिस्टरांकडे बघत होते. त्यांच्या हातात एक साडी अर्धी उलगडलेली होती. ती त्यांनी घडी घातली, नीट, काठ जुळवून. इतका वेळ साडीची घडी घालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"जारवाली न्हाय," ते म्हणाले. "घरच्या हायत आमच्या."

"आँ? मग उन्हात का उभ्या केल्यात? वर बोलवा की!"

"या वर," ते म्हणाले. इतक्या माणसांसमोर 'या' म्हणाले.

"वर नको," मी म्हटलं. "डबा खाली येऊन घ्या."

गादीवर बसणारा माणूस अनवाणी असतो. एप्रिलमधली दुपारची एकची वेळ, डांबरी रस्ता. चपला मागच्या दाराशी होत्या, कारण त्यांना तिथूनच डबा घ्यायचा होता. ते तसेच तीन पायऱ्या उतरले आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे राहिले. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मी डबा हातात दिला.

"उद्यापण इकडूनच का?" हळू आवाजात त्यांनी विचारलं.

"उद्या रविवार आहे. परवापासून रोज."

त्यांनी मान हलवली. म्हातारी पायरीवर उभी राहून बघत होती, म्हणून असेल किंवा आणखी कशाने असेल, ते लगेच वर गेले नाहीत. वाकून पुढचं चाक अंगठ्याने दाबलं. सायकलला हात लावायची त्यांची ही पहिली वेळ.

"हवा कमी वाटती."

"पंचेचाळीस आहे. सकाळी भरलीय. पाय भाजतायत तुमचे, वर जा."

ते पायऱ्या चढले. मी मुलाला चढवलं, स्टँड काढला आणि घंटी वाजवून निघाले. या वेळी मात्र ते बिलबुकात बघत नव्हते.