बर्मा टीकचा झोपाळा

सत्तरी आली की माणूस शहाणं होतं, अशी तुमची समजूत असेल तर माझ्या झोपाळ्याचा मूर्खपणा ऐका.

लेकाने माझ्या शिकागोच्या फ्लॅटमध्ये मला झोपाळा घेऊन दिला. अस्सल बर्मा टीक, पितळी कड्या! मी अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला फोन केले. मग म्हटलं, खरी दर्दी तर आपल्या खालच्याच मजल्यावर राहते.

ती ब्रह्मदेशातल्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानात भाजी लावायची. दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून मैत्री घट्ट. लाकूड दिसलं की ती बोटाने टकटक करायची, नाक लावायची आणि विचारायची, "कुणाचं?" एकदा माझा पोळपाटही हुंगला.

"सासूबाईंचा," मी म्हटलं.

"मग ठीक."

अशा बाईला मी हाताला धरून वर आणलं. "बस गं! तुझ्या माहेरचं सागवान!" काय तो माझा थाट! स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

तिने टकटक केली. नाक लावलं. बसली नाही. "नवं आहे, हल्लीच तोडलेलं," म्हणाली, आणि भडकलीच. लष्कराने त्यांचं खोरं ताब्यात घेतलं, गावातल्या पुरुषांच्या हाती बंदुकीच्या धाकाने करवती दिल्या. तिच्या सासऱ्याने लावलेले साग तिच्या नवऱ्याकडून पाडून घेतले. ट्रक भरले, आणि ओंडके उतरवायला त्यालाही वर चढवलं. ओंडके बंदरात पोचले. तो घरी आला नाही.

"पण हे तेच झाड कशावरून?" मी दीडशहाणी.

"नसेल कशावरून?"

मी दुकानदाराला फोन लावला. "मॅडम, पेपर्स एकदम क्लीन आहेत." लेक म्हणाला, "आई, सोड ना, इट्स जस्ट अ स्विंग." क्लीन म्हणे! रक्तावर पॉलिश मारलं की झालं क्लीन! दोघांनाही त्या दिवशी मी असं झाडलं, की लेक आठवडाभर फोन करायला धजला नाही.

पुढे ती लेकीकडे मिनेसोटाला कायमची गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "हा झोपाळा मी उद्याच फेकते बघ."

तिने दाराच्या चौकटीवर टकटक केली.

"फेकू नका, आंटी. फेकलात की तुम्हाला छान झोप लागेल. ठेवा इथेच. आणि जो बसेल त्याला सांगा, कुणाचा आहे ते."