जत्रेचं रान आणि निळी फुलं

विकलहॅमच्या बेसिल गुडरहॅमने आयुष्यभर बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर धातुशोधक यंत्र घेऊन इंग्लंडमधल्या सफोक परगण्याची रानं तुडवायला घेतली. सतरा वर्षांत मिळालं काय? गंजके खिळे आणि घोड्यांचे नाल. पण माणूस पद्धतशीर. आधी जुने नकाशे काढायचे, पूर्वी पायवाट कुठे होती, कुठे लोकांच्या खिशातून नाणी पडली असतील ते ताडायचं, शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्यायची आणि मगच खणायचं. घरी आल्यावर प्रत्येक खिळ्यावर पांढऱ्या शाईने नंबर टाकायचा. एवढा मान त्या खिळ्यांना घोड्याच्या पायातही मिळाला नसेल.

चार वर्षांपूर्वी हा सगळा ऐवज बिस्किटांच्या डब्यासकट शेडमधून नाहीसा झाला. त्याच आठवड्यात क्लेमंट लार्टर शेडमधून कुदळ घेऊन गेला होता. तेवढ्या पुराव्यावर बेसिलने आपल्या या तीस वर्षं जुन्या दोस्ताला गावातल्या धातुशोधकांच्या मंडळाच्या भर सभेत चोर ठरवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बेसिलला ते फार खुपायचं. एकट्याने रान तुडवण्यात गंमत नाही. एकदा चांदीचं नाणं सापडू दे, ते दाखवायच्या निमित्ताने लार्टरच्या दारात जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

यंदाच्या ऑगस्टमध्ये त्याला गावाचा १८३९चा नकाशा मिळाला. त्यात एका तुकड्यावर लिहिलं होतं, ‘जत्रेचं रान’. बेसिलने तो पातळ कागदावर उतरवला, चर्चच्या मनोऱ्यावर मनोरा जुळवून नव्या नकाशावर ठेवला आणि त्याच्या हातून चहा सांडला. जत्रेच्या रानाचा कोपरा त्याच्याच बागेत येत होता, बायकोच्या हायड्रेंजियाच्या फुलझाडाखाली.

“एनिड, मला जरा खणायचंय.”

“कुठे?”

“तुझ्या हायड्रेंजियाखाली.”

“शनिवारी पुष्पप्रदर्शन आहे, बेसिल. अख्ख्या गावात निळी फुलं फक्त माझ्याकडे आहेत. तिथे कुदळ लावलीस तर तुलाच पुरीन खाली.”

“अगं, आजवर साठ शेतकऱ्यांनी सह्या दिल्यात मला!”

“त्यांना तुझ्याशी संसार करायचा नव्हता.”

बऱ्याच घासाघिशीनंतर सही मिळाली. रविवारी खणायचं, सापडेल ते निम्मं-निम्मं.

पण गुरुवारी एनिड चर्चमध्ये फुलं मांडायला गेली आणि बेसिलचा धीर सुटला. यंत्र झुडपाजवळ नेताच ते गुरगुरायला लागलं. हा आवाज म्हणजे लोखंड! पण लोखंडाखाली चांदी दडलेली असू शकते, हे काय बेसिलला सांगायला हवं? गुडघ्यांवर बसून त्याने मुळांना धक्का न लावता माती काढली. हाताला खिळा लागला. त्याने थुंकी लावून पुसला. पांढऱ्या शाईत, त्याच्याच अक्षरात, नंबर होता ११४.

मग ११५ निघाला. मग ८७.

“रविवार ठरला होता ना?” पाठीमागे एनिड उभी होती.

“एनिड, हे माझे खिळे आहेत!”

“होते. गंजकं लोखंड घातलं की फुलं निळी होतात, माझी आई घालायची. तूच म्हणाला होतास, याला कुणी कुत्रं विचारत नाही.”

“आणि मी लार्टरला चोर म्हणालो!”

“मला विचारलंस का? सभेतून घरी आलास तो त्याला चोर ठरवूनच. मी सांगणारच होते रे,” एनिडचा आवाज उतरला, “पण तेवढ्यात फुलं निळी झाली.”

बेसिलला तिच्यावर ओरडायचं होतं. पण चार वर्षं तो गावोगावचे नकाशे चाळत होता आणि घरात एक प्रश्न विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. ११४ नंबरचा खिळा खिशात टाकून तो तसाच, मातीने भरलेल्या गुडघ्यांनी, लार्टरच्या दारात गेला.

लार्टरने खिळा चष्म्याजवळ धरला. “कुठे सापडला?”

“एनिडच्या हायड्रेंजियाखाली. जुन्या नकाशातल्या जत्रेच्या रानाचा कोपरा तिथे येतो म्हणून खणलं, तर तिनेच पुरलेले खिळे निघाले. चुकलं माझं, क्लेमंट.”

लार्टरने खिळा परत बेसिलच्या हातात ठेवला. बेसिल निघणार एवढ्यात लार्टर म्हणाला, “चार वर्षं मी ती निळी फुलं कुंपणावरून बघतोय. माझी मेली गुलाबीच येतात. एक फांदी दे लावायला. आणि नुसती फांदी देऊन फसवू नकोस, खिळेही पाहिजेत.”

“निम्मे एनिडचे आहेत, करारच झालाय,” बेसिल म्हणाला. “माझ्या वाटणीचे सगळे तुला.”

“नंबर घातलेलेच दे,” लार्टर म्हणाला आणि त्याने दार पूर्ण उघडलं. “आणि तो नकाशा कुठाय? जत्रेच्या रानाचा नुसता कोपरा तुझ्या बागेत, बाकीचं दोघांनी तुडवायला नको?”