बोट ठेवलेली जागा

टपालकाकांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम निळं असायचं. आशागडच्या आसपासच्या पाड्यांवर रजिस्टर पत्र द्यायचं, की कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "इथं सही कर." आम्ही न वाचता करायचो. सही येत नसेल त्याचा अंगठा ते आपल्या हाताने शाईत बुडवायचे.

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. मी कादंबरी लिहितोय हे फक्त काकांना ठाऊक होतं, कारण त्यांचीही एक छापून आली होती. नरपडच्या चिकूवाडीत राबणाऱ्या त्यांच्या आईवर.

"प्रकाशकाकडे जाण्याआधी त्याची पुस्तकं वाच," ते सांगायचे. "त्याच्या दोन लेखकांना फोन लाव. जो प्रकाशक लगेच हो म्हणतो, त्यानं वाचलेलंच नसतं. आणि बोट ठेवील तिथं सही करू नको. आधी बोट उचलायला सांग."

हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे बघत नसत.

मुंबईच्या प्रकाशकाने त्यांना चहा पाजला, शाल दिली आणि करारावर बोट ठेवलं. जन्मभर लोकांना तसंच करायला लावलेल्या माणसाने निमूट सही केली. पुस्तक आलं तेव्हा त्यातली आई परक्या घरातल्या बाईसारखी बोलत होती. "बाळा, भोजन करून जा." काका भांडायला गेले, तर सगळे हक्क लिहून दिलेले. दुसरीकडे छापायचीही सोय नाही. मग त्यांनी घरच्या प्रतीत एकेक वाक्य खोडून निळ्या शाईने वर लिहिलं, "पोऱ्या, भाकर खा नं मंग जा."

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. दिवाळीनंतर मला एका प्रकाशकाने बोलावलं. वाचनालयात त्या प्रकाशकाची पुस्तकं सापडली नव्हती, तरी मी गेलो. माझंही पुस्तक यावं असं फार वाटत होतं.

साहेबांनी करारावर बोट ठेवलं. "इथे सही."

मी म्हणालो, "साहेब, बोट... जरा उचला ना."

बोटाखाली लिहिलं होतं, भाषेत हवा तो बदल करण्याचा आणि पुस्तकाचा कायमचा हक्क प्रकाशकाचा.

"घरी नेऊन वाचू का?"

ते हसले. "घरी कोण वाचणार आहे?" आणि कागद ओढून घेतला.

डहाणूला उतरून मी थेट काकांच्या घरी, काकूंकडे गेलो; जाताना फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

"केलीस सही?"

"नाही."

"मग तुझं पुस्तक?"

काकू उठल्या, फळीवरची ती प्रत काढून माझ्या हातात दिली. त्यांना अक्षर येत नाही.

"वाच," त्या म्हणाल्या. "छापलेलं नको. निळं तेवढं वाच."