हेडसेटमधला कठडा

परवा रविवारी घरात एक प्रकार घडला. सुरुवात गमतीची होती...

मित्राने परदेशी जाताना त्याचा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून थेट गेमच्या आत शिरायचा चष्मा, मला देऊन टाकला. गेमचा कन्सोल घरात होताच, म्हटलं जोडू. पण तो सरळ जोडला जात नाही... मध्ये एक छोटा डबा लागतो. कन्सोलची केबल डब्यात, आणि डब्यातून एक वायर हेडसेटला, एक टीव्हीला. मी घाईत दोन्ही केबल उलट्या खोचल्या आणि टीव्ही ठार काळा. "माहितीपत्रक वाच की," बायको म्हणाली. ते वाचणारे आम्ही नव्हेच!

शेवटी चित्र आलं. हेडसेट घालणाऱ्याला जे दिसतं तेच बाकीच्यांना टीव्हीवर दिसतं. वा, वा...

खरं तर हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर आलो आणि बाबांचं मनच लागेना. गॅलरीत पाऊल टाकत नाहीत. 'मी आपला वेंगुर्ल्याला जातो, कायमचा,' हे एकच पालुपद. आई आता नाही. तिथे ते एकटे कसे राहतील, या काळजीने मला झोप लागत नव्हती.

मला वाटायचं, उंचीची भीती असणार. हेडसेटमध्ये सवय झाली की खरी गॅलरीही जमेल...

गेममध्ये डोंगरावरचं एक घर होतं. पुढे कठड्याची गॅलरी, खाली खोल दरी. बाबा हेडसेट घालून चक्क पुढे सरकले. वाकून दरी बघितली... अजिबात घाबरले नाहीत. मग मान डावीकडे वळवली आणि तशीच ठेवली. टीव्हीवर आम्हाला नुसती भिंत दिसत होती.

आणि भिंतीकडे बघता बघता त्यांनी सवयीने दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली. कठडा हेडसेटमध्ये, आमच्या हॉलमध्ये कुठला! तोल गेला... मी धावत जाऊन धरलं. मग सगळेच हसलो, बाबासुद्धा.

"तिकडे काय बघत होता?" मी विचारलं.

"शेजारी कोण रवता ता बघत होतंय."

"आणि उंचीची भीती?"

"उंचीचा भय कोणाक आसा रे? आपल्या गॅलरीत उभो रवलंय तरी बोलूक कोण आसा थय?"

चाळीत गॅलरी म्हणजे सगळ्यांचा जायचा-यायचा रस्ता होता. बाबा कठड्याला टेकून डावीकडच्या काकांशी तासन्‌तास बोलायचे. इथेही आम्ही गॅलरीच म्हणतो... पण तिथून कोण जाणार? कबुतरं!

काल संध्याकाळी दार सताड उघडं ठेवलं आणि लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये दोन खुर्च्या टाकल्या, एकीवर बाबांना बसवलं. लोक काय म्हणतील म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. समोरच्या ब्लॉकमधल्या ताई थांबल्या, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचे सासरे बाहेर येऊन बसले. जेवायला हाक मारली तर बाबा "इलंय, इलंय" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

वेंगुर्ल्याचा विषय अजून मिटलेला नाही. पण आता निदान कळलंय... इतके महिने आम्ही हॉलमधली बाबांची खुर्ची हौसेने गॅलरीपलीकडे दिसणाऱ्या खाडीकडे तोंड करून ठेवत होतो. ती फक्त दाराकडे वळवायची होती.